हवेला टेकून बसलेली बाई

१

वहीचं ते पान उघडलं आणि ब्रिटाच्या पायाखालची जमीन सरकली. जमीन सरकली हे इथे अक्षरशः खरं होतं, कारण सगळं भांडण जमिनीचंच होतं.

पानावर पेन्सिलीने काढलेलं खाडीकाठचं कुरण होतं. मागे काळा कडा, डावीकडे एक वाकडं भूर्जाचं झाड, उजवीकडे ओढा. चित्रकार एलर्ट सोळा वर्षांपूर्वी, १८४० च्या उन्हाळ्यात, पाठीवर झोळी टाकून या खाडीच्या काठाने पायी फिरला होता. हे चित्र त्याने तेव्हा काढलेलं. आणि चित्रात हद्दीचा दगड ओढ्याकाठी उभा होता.

"ओढ्याकाठीच," फौजदार हॅल्वोर म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला. "संपलं. झाड ते ओढा, सगळं कुरण ऑस्मुंडचं. वारा पडला की मी कागदावर सही करून निघतो."

शेजारचा जमीनदार ऑस्मुंड शेगडीशी हात शेकत राहिला. कुरणाची मालकीण, विधवा सुन्निवा, भिंतीला टेकून खाली बसली. तिचं घर या काठावरचा प्रवाशांचा उताराही होता. येणाऱ्याजाणाऱ्याला घोडा, होडी आणि अंथरूण द्यायचं, असा सरकारी नियम. त्या नियमापायीच आज फिर्यादी, फौजदार आणि पाहुणे, सगळे एकाच छपराखाली कोंडले गेले होते.

कोंडले गेले होते हेच खरं. परवा संध्याकाळी वादळ आलं, डोंगराची वाट दरड कोसळून बंद झाली आणि खाडीत तर होडी घालायची सोय नव्हती. एक शेगडी, एक टेबल, ओल्या लोकरीचा वास आणि एकमेकांची तोंडं बघवत नाहीत अशी माणसं. जो तो वारा पडण्याची वाट बघत होता. एकटी ब्रिटा देवाला म्हणत होती, वाहू दे बाबा, अजून दोन दिवस वाहू दे.

ब्रिटा या घरची दूधवाली. तीस वर्षं तिने इथला गोठा सांभाळला. लग्न नाही, घर नाही, मागे कोणी नाही. कुरण गेलं की हिवाळ्याचं गवत गेलं, गवत गेलं की गाई गेल्या, आणि गाई गेल्या की ब्रिटा पाळीवर जाणार. पाळीवर जाणं म्हणजे निराधार म्हाताऱ्याने घरोघर फिरायचं, या घरी पंधरा दिवस, त्या घरी पंधरा दिवस, आणि प्रत्येक उंबऱ्यावर 'आली का ही' असं तोंड बघायचं. ब्रिटाने तशी माणसं पाहिली होती. एकाला तर तिनेच ताक वाढलं होतं, आणि जरा पातळच वाढलं होतं. ते आता तिला रोज आठवत होतं.

"पण डोर्थियाने परवा वाचून दाखवलं ना!" सुन्निवा कळवळून म्हणाली. "दगड झाडाखाली आहे म्हणाली ती!"

डोर्थिया ही चित्रकाराची भाची. एलर्टची दृष्टी तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून हीच त्याचे डोळे. ती पांढरीफटक पडून पानाकडे बघत होती.

"होता," ती म्हणाली. "देवाशप्पथ सांगते, परवा तो झाडाखाली होता."

२

परवाची गोष्ट अशी. आंधळा चित्रकार जुन्याच वाटेने पुन्हा फिरायला निघालेला. जिथे जिथे चित्रं काढली तिथे तिथे नुसतं उभं राहायचं, वारा कसा लागतो ते बघायचं, एवढीच त्याची हौस. वादळाने त्याला या उताऱ्यावर आणून टाकलं. भिजलेली वही शेगडीजवळ उघडून वाळत ठेवली, तर मोन्स बोका चांगला तासभर तिच्यावर पसरून झोपला.

"झोपू दे," एलर्ट हसला होता. "त्यातल्या प्रत्येक पानाला मी दूध पाजलंय. तेव्हा भेटला असता तर वही चाटून खाल्ली असती लेकाने."

"दूध?" मोजणीदार फॉल्कने विचारलं होतं. हा तरणाबांड, गोड बोलणारा मनुष्य फौजदारांबरोबर जमीन मोजायला आलेला. त्याचे नवे काळेपांढरे हातमोजे शेगडीवर वाळत होते.

"पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून," डोर्थियाने सांगितलं. "चित्रावर दूध फिरवायचं आणि वाळवायचं. मग बोट घासा नाहीतर भाकरीने खोडा, रेघ हलत नाही."

"आणि मामांची रेघ तशीही हलली नसती," ती पुढे म्हणाली. "फार दाबून काढायचे."

"माझे गुरुजी म्हणायचे, एलर्ट, तू चित्र काढत नाहीस, नांगरतोस!" म्हातारा म्हणाला आणि सगळे हसले. ते या घरातलं सगळ्यांचं मिळून शेवटचं हसणं.

जेवताना कुरणाचा तंटा निघाला. मागच्या वर्षी सुन्निवाचा नवरा वारला. वसंतात डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला आणि कुरण झाकून गेलं. चिखल साफ झाला तेव्हा दगड ओढ्याकाठी होता. ऑस्मुंड म्हणे, आधीपासून तिथेच होता. सुन्निवा म्हणे, झाडाखाली होता. ब्रिटानेही तेच सांगितलं, पण ती पडली सुन्निवाच्या घरचं मीठ खाणारी. तिची साक्ष फौजदारांनी लिहूनसुद्धा घेतली नाही.

"थांबा," एलर्ट म्हणाला. "ते कुरण माझ्या वहीत आहे."

डोर्थियाने पान काढलं, दिव्याजवळ धरलं आणि म्हणाली, "दगड झाडाखाली." लगेच फौजदारांनी वहीवर पंजा ठेवला. दिव्याच्या उजेडात पुरावा बघत नाहीत म्हणाले. उद्या दिवसाउजेडी, सगळ्यांसमक्ष बघू. वही फळीवर ठेवली. कुलूप घालायचं कोणाच्या मनातही आलं नाही. घरात सगळे बघितलेले आणि बाहेर जायला वाट नाही, मग कुलूप कशाला?

पण दुसऱ्या दिवशी होड्यांचे दोर तुटले. अख्खं घर काठावर धावलं, ते संध्याकाळी गारठून परतलं. घरात राहिली तीनच माणसं. तापाने पडलेला एलर्ट आणि त्याच्या उशाशी डोर्थिया, दोघंही माडीवर. खाली खोकल्याने बेजार झालेला फॉल्क. आणि आज, तिसऱ्या सकाळी, दगड चालत ओढ्याकाठी गेला होता.

"मुलीची नजर चुकली," फौजदार म्हणाले. "किंवा कोणीतरी तिला चुकायला सांगितलं." त्यांनी सुन्निवाकडे बघितलं ते ब्रिटाला अजिबात आवडलं नाही.

"मला बघू द्या ते पान," ब्रिटा म्हणाली.

"तुम्हाला चित्रातलं काय कळतं, ब्रिटाबाई?"

"चित्रातलं नाही कळत. कुरणातलं कळतं."

तिने पान खिडकीशी नेलं. कडा, झाड, ओढा, सहा गाई. आणि झाडाखाली बोटाच्या पेराएवढी एक बाई, दुधाची कासंडी शेजारी ठेवून, पाय पसरून, पाठ मागे रेललेली. ब्रिटाने तिच्यावर बोट ठेवलं.

"फौजदारसाहेब," ती म्हणाली, "ही मी आहे. आणि मी कशाला टेकून बसलेय ते मला सांगा बघू."

३

फौजदारांनी भिंग लावलं. बाई मागे रेलली होती हे खरं. तिच्या पाठीमागे काहीच नव्हतं हेही खरं.

"दूध काढून झालं की मी रोज दगडाला पाठ टेकायची," ब्रिटा म्हणाली. "उन्हाने तापलेला असायचा. इथे मी हवेला टेकलेय. तीस वर्षांत पुष्कळ कामं केली, पण हे काही मला जमलं नाही कधी."

"चित्रकारांचं काय सांगावं," फॉल्क खोकत हसला. "घाईत दगड एकीकडे, बाई एकीकडे."

"ब्रिटे, पोटासाठी किती आटापिटा करशील?" ऑस्मुंड गुरगुरला.

फौजदारांनी मान हलवली, पान पुन्हा टेबलावर ठेवलं आणि पाईप शोधायला वळले. तेवढ्यात मोन्स टेबलावर चढला. त्याने पान हुंगलं आणि जीभ काढून चाटायला लागला. मन लावून चाटत होता, कोपऱ्यापासून सुरुवात करून.

"हट!" सुन्निवा ओरडली.

"थांब, त्याला हाकलू नकोस!" ब्रिटाने तिचा हात धरला. "परवा हाच बोका याच वहीवर तासभर लोळला. एकदा तरी जीभ लावली का? सोळा वर्षांच्या दुधाला कोण बोका विचारतो! हे दूध कालचं आहे, फौजदारसाहेब. हे पान कालचं आहे."

फौजदारांनी वही उभी धरली, पानाच्या मुळाशी नख घातलं. पान शिवणीतून निघालं नाही, खपलीसारखं सुटलं. आत जुन्या पानाची बोटभर पट्टी होती आणि तिच्यावर पिठाची खळ. वहीच्या शेवटचं एक कोरं पान गायब होतं.

सुन्निवा रडायलाच लागली. ब्रिटाला वाटलं, जिंकलो. पण फौजदारांचा चेहरा जिंकू देणाऱ्याचा नव्हता.

"म्हणजे कोणीतरी खिडकीच्या काचेवर धरून हुबेहूब नक्कल काढली, दगड हलवला, दूध फिरवलं आणि मूळ पान जाळलं," ते सावकाश म्हणाले. "या घरात असं चित्र काढता येतं कोणाला? दुधाचा प्रयोग कोणाला ठाऊक? आणि दोन्ही संध्याकाळी तुमच्याकडून दुधाची वाटी कोण मागून नेत होतं, ब्रिटाबाई?"

वाटी डोर्थिया नेत होती. मामांसाठी नवी चित्रं तीच काढायची.

"मुलीला कोठारात ठेवा," फौजदार म्हणाले. "परवा एक बोलली, मग कोणी पैसे चारले असतील; आजची शपथ देखावा. वारा पडला की तिला माझ्याबरोबर नेतो. आणि मूळ पान राहिलं नाही, तेव्हा दगड आज जिथे आहे तिथेच कायद्याने राहील."

४

आपल्याच हाताने विणलेल्या जाळ्यात आपणच अडकावं, तसं ब्रिटाचं झालं. कुरण तर गेलंच, वर एका निरपराध पोरीला तिने कोठारात घातलं. निरपराध कशावरून, हे मात्र तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

ती भाकरी आणि सुकं मटण घेऊन कोठारात गेली. डोर्थिया पिठाच्या पेटीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"मावशी, तुम्हीच म्हणालात ना, दूध कालचं."

"म्हणाले गं बाई. आता मला एक सांग. तू माझ्याकडे वाटी मागितलीस तेव्हा काय म्हणालीस?"

"निळं दूध द्या म्हणाले. साय पूर्ण काढलेलं, पाण्यासारखं. मामांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. स्निग्ध दूध लागलं की कागद वाया. तेलकट डाग पडतात, उजेडात धरलं की कंदिलासारखे दिसतात."

ब्रिटा उठली.

ऑस्मुंड पडवीत खाडीकडे बघत उभा होता. "मी चित्र काढलं असं म्हणायचंय का तुला?" तो तिच्या आधीच बोलला. त्याने पुढे केलेले हात फावड्यासारखे होते. "मला माझं नाव लिहिता येत नाही धड."

"चित्राचं नाही विचारत. दगडाचं विचारते. माझी आई सांगायची, हद्दीचा दगड हलवणारा मेला की सुटत नाही. तोच दगड पाठीवर घेऊन कुरणात फिरतो. वर उचलतो, ठेवायला जातो, जागा सापडत नाही. ओरडत राहतो."

"म्हाताऱ्या बायांच्या गोष्टी!" तो म्हणाला. पण त्याची मान खाली गेली.

मोजणीदार शेगडीपाशी हातमोजे उलटसुलट करत होता. "आज खोकला बराय वाटतं," ब्रिटा म्हणाली.

"तुमच्या दुधाचा गुण, ब्रिटाबाई. धारोष्ण दुधासारखं औषध नाही."

"मग प्यायलात म्हणायचं सगळं."

"थेंब ठेवला नाही."

ब्रिटाची नजर हातमोज्यांवर होती. आठ पाकळ्यांचं फूल, आणि प्रत्येक फुलाच्या मधोमध एक जास्तीचा टाका. हा टाका घालणारी या काठावर एकच मुलगी होती. मग ती फळीपाशी गेली, ते खोटं पान घेतलं आणि खिडकीच्या उजेडासमोर धरलं.

चित्रातल्या आभाळात तीन ठिकाणी कंदील लागले.

तेवढ्यात काठावरून गडी ओरडला, "वारा पडला! होडी निघेल!"

५

"होडी थांबेल," ब्रिटा म्हणाली. दारात उभी राहून म्हणाली, त्यामुळे फौजदारांना थांबावंच लागलं.

"साहेब, हे डाग बघा. हे सायीसकट दुधाचे आहेत. डोर्थियाने मागितलं ते साय काढलेलं दूध, आणि का ते तिला तिच्या मामांनी शिकवलंय. हे पान अशा माणसाने केलंय ज्याने परवा 'दूध' एवढंच ऐकलं, पुढचं विचारायचं राहून गेलं. आता माझ्या दूधघराची किल्ली इथे, कमरेला. सायीसकट दूध दोन दिवसांत माझ्या हातून एकाच माणसाला गेलं. काल सकाळी. खोकल्याला."

सगळे फॉल्ककडे वळले.

"ते मी प्यालो," फॉल्क म्हणाला.

"पेला घासूनपुसून लखलखीत परत आला. मला काल केवढं कौतुक वाटलं! तीस वर्षांत या घरात एका पुरुषाने पेला धुवून दिला नव्हता. आता कळतंय. प्यायलेला पेला कोण धुतो? ज्यातल्या दुधात पेन्सिलीची काजळी उतरलीय, तो धुवावाच लागतो. आणि काल खाली तुम्ही एकटेच होतात. नकाशे काढणारा हात तुमचा. तुम्हाला दगड दिसला, झाड दिसलं, ओढा दिसला. दगडाला टेकलेलं माणूस तेवढं दिसलं नाही."

"मला त्या कुरणाशी काय देणंघेणं?" फॉल्कचा आवाज चढला.

"हातमोजे सांगतात ते. ऑस्मुंडच्या लेकीचा टाका आहे तो. आमच्याकडे मुली असे हातमोजे एकालाच विणून देतात. ऑस्मुंडला मुलगा नाही. कुरण आज ना उद्या जावयाचंच."

"हे मला सांगितलं नाहीस तू," फौजदार थंडपणे फॉल्कला म्हणाले.

ऑस्मुंड तोंड उघडं टाकून होणाऱ्या जावयाकडे बघत राहिला. पोरीचं ठरलंय एवढं त्याला माहीत होतं, पण पानाचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. फॉल्क खुर्चीवर बसला आणि मग हळूच हसला, अगदी सुटल्यासारखा.

"बरं. मी केलं. पण मूळ पान शेगडीत गेलं, साहेब. मुलीने काय बघितलं ते तिलाच माहीत, आणि ती त्या चित्रकाराचीच भाची. दगड कुठे होता हे आता जगातला एकही कागद सांगणार नाही."

जिन्यावर पावलं वाजली. एलर्ट भिंत चाचपत, तापलेल्या अंगाने खाली उतरत होता.

"माझे डोळे कोठारात बंद केलेत म्हणे," तो म्हणाला. "आधी ते बाहेर काढा. आणि वही द्या माझ्या हातात."

डोर्थियाला कोठारातून आणलं. म्हाताऱ्याने वही गुडघ्यांवर घेतली. फाडलेल्या पानाची पट्टी त्याला लगेच सापडली. तिच्या पुढचं पान त्याने तळव्याने हळू कुरवाळलं.

"हे कोरं आहे ना गं?"

"कोरं आहे, मामा."

"त्या दिवशी पुढे पाऊस आला. काही काढलं नाही." त्याचं बोट कागदावरून सावकाश सरकू लागलं. "हा कडा. इथे मी फार चिडून दाबलंय. हे झाड. इथे ओढा. ओढ्यापाशी काही नाही, दोन गवताच्या काड्या." बोट परत डावीकडे गेलं आणि थांबलं. "ब्रिटाबाई, शेगडीतला कोळसा आणा. अगदी बारीक करा. बोटाने नुसता फिरवा, दाबू नका."

ब्रिटाने कोळशाची भुकटी पानावर फिरवली. कागद काळा झाला आणि त्या काळ्यात पांढऱ्या रेघा उमटू लागल्या. नांगराच्या तासांसारख्या, वरच्या पानावरून खाली दाबल्या गेलेल्या. कडा आला. ओढा आला, मोकळा. वाकडं झाड आलं. झाडाखाली एक उभा, खांदे पडलेला दगड आला आणि त्याला पाठ टेकून पाय पसरलेली एक बाई.

फौजदारांनी टोपी काढली. का काढली ते त्यांनाही कळलं नसावं.

"फॉल्क, तू माझ्याबरोबर होडीत," ते म्हणाले. "आणि ऑस्मुंड, दगड कोणी हलवला ते मी लिहून घेणार आहे."

ऑस्मुंड खिडकीतून कुरणाकडे बघत होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. ब्रिटाला तो मुळीच आवडत नसे, तरी त्या क्षणी तिला त्याची कीव आली. उंबऱ्यावरचं ते पातळ ताक तिला पुन्हा आठवलं.

"ऑस्मुंड," ती हळूच म्हणाली, "मेल्यावर कायम वाहण्यापेक्षा जिवंतपणी एकदाच वाहून टाक."

तो बाहेर गेला. सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं. त्याने पहारीने दगड सैल केला, छातीशी कवटाळला आणि चिखलातून पाऊल पाऊल टाकत ओढ्याकडून झाडाकडे निघाला. दोनदा गुडघ्यावर आला. कोणी मदतीला गेलं नाही, आणि त्यानेही कोणाला हाक मारली नाही.

"काय होतंय?" एलर्टने विचारलं.

"दगड परत येतोय," डोर्थियाने सांगितलं. "पोचला. ठेवला."

"आणि ती बाई? चित्रातली? उंची कळावी म्हणून घातली होती मी. नाव विचारायचं राहून गेलं."

ब्रिटाने कोळशाचे हात ओच्याला पुसले, कासंडी उचलली आणि म्हणाली, "ब्रिटा. आता दूध काढायची वेळ झाली, चित्रकारबुवा. यायचं असेल तर चला, टेकायला जागा आहे."